झाकलेले हात

शिर्डीकडच्या बेलापूरच्या पेठेत सरवरीबाई मणियार यांचं बांगड्यांचं दुकान आहे. पुढं एक फळी, मागं काचेचं कपाट आणि गिऱ्हाईक बाईला बसायला एक स्टूल. नवरा दिलावर टेम्पो घेऊन आसपासच्या आठवडे बाजारांना जातो, पेठेतली जागा बाई सांभाळतात.

बांगड्या भरताना गिऱ्हाईक बाईचा हात बराच वेळ आपल्या हातात असतो. हात दाबून मऊ करायचा, अंगठा आत वळवायचा, काच न टिचवता बांगडी चढवायची. तोवर बाई बोलत राहते. कुणाची लेक बाळंतपणाला आलेली असते, कुणी कांदे काढून थेट वावरातून आलेली असते. सरवरीबाई या बायकांचे चेहरे विसरतात, पण हात लक्षात राहतात. घरी जेवताना त्या हातांच्याच गोष्टी सांगायच्या.

त्यांची मुलगी सिमरन सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात माल तपासायच्या कामावर आहे. सुट्टीला घरी आली की ती या गोष्टी ऐकायची. एकदा ती म्हणाली, "अम्मी, हे मोबाईलवर टाक की." घरात त्या दोघी दखनीत बोलतात, मी मराठीत सांगतोय.

"मला कुठं लिहिता येतं?"

"लिहू नको. बोल. मोबाईल लिहून घेतो."

सिमरननं त्यांना ओपनचौक नावाच्या ॲपवर खातं काढून दिलं. तिच्या खोलीवरच्या मुली ते वापरायच्या. याला कुणी एक मालक नाही, असं तिनं समजावलं. पोस्टच्या प्रती जगभरातल्या कितीतरी कॉम्प्युटरांवर राहतात, त्यामुळं कुणा एकाला ती पुसता येत नाही. कुठली पोस्ट वर दिसायची आणि कुठली खाली, हेसुद्धा कंपनी ठरवत नाही, लोक मतं देऊन ठरवतात. मतं द्यायला टोकन लागतात, ते तिथलंच डिजिटल नाणं.

सरवरीबाई दुपारी गिऱ्हाईक नसलं की बोलायच्या. सोबत एक फोटो, फक्त हाताचा. बायका म्हणायच्या, तोंड नको दाखवू, हात दाखव खुशाल. एक पोस्ट अशी होती: "आज आलेल्या बाईच्या तळव्याला उसाच्या पानानं कापलेल्या बारीक रेघा होत्या. मी म्हटलं, दुखत असंल. ती म्हणाली, बांगडी भरताना न्हाई दुखत, नुसतं बसायला मिळालं ना."

ओपनचौकवरची मराठी माणसं ते वाचू लागली. कुणी शिर्डीहून लिहायचं, कुणी पार दुबईहून. सरवरीबाई प्रत्येकाला उत्तर द्यायच्या. दिलावर म्हणायचा, "आता चहा मागायचा तर तुला पोस्टच टाकावी लागंल."

आणि मग एका आठवड्यात सगळं शांत झालं. कुणी वाचेना, कुणी बोलेना. बाईंना वाटलं, लोकांना कंटाळा आला असेल. सिमरननं तिच्या मोबाईलवर पाहिलं, तर अम्मीच्या सगळ्या पोस्टवर राखाडी पट्टी होती: "कमी पसंतीमुळे झाकलेली पोस्ट."

"कुणाची पसंती कमी झाली?" बाईंनी विचारलं.

तिथं सगळी मतं उघड असतात. सिमरननं शोधून काढलं. चाळीसेक लोकांनी वर जाण्यासाठी मत दिलं होतं आणि एकानंच विरुद्ध दिलं होतं. पण ज्याच्याकडे टोकन जास्त त्याच्या मताचं वजन जास्त. नॉर्थपाईन नावाच्या त्या खात्याकडे इतके टोकन होते की बाकी सगळे मिळूनही त्याच्यापुढं हलके पडले.

"तू तर म्हणालीस मालक न्हाई."

सिमरन म्हणाली, "मला वाटलं होतं नाही म्हणून."

सरवरीबाईंनी त्या खात्याला सरळ विचारलं, आमचं काय चुकलं? सिमरननं ते इंग्रजीत करून दिलं. चार दिवसांनी उत्तर आलं. रोज एकसारखे हात, चेहरा एकही नाही, लिपी वाचता येत नाही. मशिननं बनवलेला कचरा वाटला. असला कचरा मी रोज साफ करतो. नंतर आणखी एक ओळ होती: मत माझं आहे, मी ते बदलणार नाही.

सिमरन चिडली. टोकन विकत घेऊ, मैत्रिणींना गोळा करू, असं ती म्हणू लागली. बाईंनी मान हलवली. "त्याच्यापेक्षा मोठं व्हायला निघालो तर बांगड्या कधी भरायच्या?"

वाईट मात्र वाटलं होतं. दोनतीन आठवडे त्यांनी काहीच टाकलं नाही. गिऱ्हाईक बोलायचं आणि बाई नुसत्या ऐकायच्या.

पुढच्या सुट्टीत सिमरन नवीन माहिती घेऊन आली. पोस्ट झाकल्या होत्या त्या फक्त ॲपच्या मुख्य पानावर. मूळ पोस्ट जिथल्या तिथंच होत्या. आणि त्याच पोस्ट वेगळ्या क्रमानं दाखवणारं आपलं स्वतःचं पान कुणालाही काढता येत होतं. तिथं त्याला भिंत म्हणायचे. क्रम कसा लावायचा, ते भिंत काढणाऱ्यानं ठरवायचं.

"सांग अम्मी, नियम काय ठेवू?"

सरवरीबाईंनी थोडा विचार केला. "आपल्या सोसायटीत शेअर कितीबी असू दे, मत एकच असतं ना? तसंच ठेव. आन् नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी त्याला वर बसव."

भिंतीचं नाव ठेवलं 'हातावरचं'. जुनी माणसं शोधत शोधत आली आणि त्यांनी आणखी माणसं आणली. पारनेरच्या एका बाईनं आईच्या गोंदलेल्या हाताचा फोटो टाकला. कुणी कुंभाराचे हात टाकले, कुणी वायरमनचे. नॉर्थपाईनचं मत होतं तसंच राहिलं. मुख्य पानावर बाई आजही राखाडी पट्टीखाली आहेत.

भिंतीवर पलीकडच्या वाडीवरचा बिभीषण नावाचा तरुणही आला. त्याच्याकडे शेळ्या होत्या. तो शेळ्यांचे फोटो टाकायचा. एक नाही, दोन नाही, भिंत उघडावी तर शेळ्याच शेळ्या. हात दिसेनात. बाईंनी वैतागून एका दुपारी भिंत काढणाऱ्याकडं असलेलं झाकायचं बटण दाबलं आणि बिभीषणच्या सगळ्या पोस्ट झाकून टाकल्या. त्यांना फार बरं वाटलं.

बाजाराच्या दिवशी दुकानापुढं कडूबाई येऊन बसल्या, जुन्या गिऱ्हाईक. सोबत त्यांचा मुलगा. तो उभाच राहिला.

"मावशी, माझ्या शेळ्या झाकल्या तुमी."

"कंच्या शेळ्या?"

"भिंतीवरच्या. मी बिभीषण."

कडूबाई म्हणाल्या, "आठ दिवस झाले, जेवताना त्योच विषय. मला वाटलं खरंच एखादी शेळी गेली."

सरवरीबाईंना हसू आलं, पण पोराकडं बघून त्यांनी ते आवरलं.

"लई टाकतोस रे तू. बाकीच्यांचं दिसंना झालं."

"मग तसं सांगायचं व्हतं. मला वाटलं मोबाईल बिघडला. दुरुस्तीला न्हेला म्या. दुकानदार म्हणाला, मोबाईल चांगला हाय, तुमालाच कुणीतरी बंद केलंय."

बाईंच्या हातात कडूबाईंचा हात होता, बांगडी अर्ध्यावर. त्या थांबल्या. आपल्या पोस्टवर पट्टी बसली होती तेव्हाचे ते गप्प आठवडे त्यांना आठवले. त्या नॉर्थपाईननं निदान विचारल्यावर कारण तरी सांगितलं होतं. आपण तेवढंही केलं नव्हतं.

"चुकलंच माझं," त्या म्हणाल्या. "बस हितं. काय करायचं ते तूच सांग."

कडूबाईंचा हात भरून होईपर्यंत दोघांचं ठरलं. बिभीषणनं दिवसाला एकच शेळी टाकायची, आणि नुसता फोटो नाही, तिच्याबद्दल दोन ओळी लिहायच्या. भिंतीवर कुणाचंही झाकायचं तर आधी त्याला सांगायचं आणि कारण सगळ्यांना वाचता येईल असं लिहायचं. संध्याकाळी सिमरननं फोनवर ऐकून घेतलं आणि आपल्याकडून एक भर घातली. ज्याला शेळ्या नको असतील त्याला आपल्यापुरत्या बंद करता येतील, असं बटण तिनं दिलं. फारसं कुणी ते दाबलं नाही. काळी नावाच्या शेळीनं सायकलची सीट खाल्ली, ती पोस्ट तर दुबईपर्यंत गाजली.

आता भिंतीवर दोनअडीचशे माणसं आहेत. जास्त व्हावीत असं सिमरनला वाटतं. बाईंना एवढी पुष्कळ वाटतात. कोण काय म्हणालं, हे त्यांच्या लक्षात राहतं.

परवा दिलावर बाजाराहून लवकर परतला. त्यानं मोबाईल पुढं केला आणि म्हणाला, "माझंबी खातं काढ." पहिल्या पोस्टला त्यानं स्वतःच्या हाताचा फोटो काढला, टेम्पोच्या स्टेअरिंगवर ठेवलेला. खाली काय लिहावं, ते त्याला सुचेना. सरवरीबाईंनी कपाट बंद केलं, त्याच स्टुलावर त्याला बसवलं आणि म्हणाल्या, "बोल. मी ऐकते."