मुदतीच्या आत

माझी आत्या चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची. घटस्फोटाचा निकाल लागला त्याच आठवड्यात एक्स-रेवाल्याने तिला लग्नाचं विचारलं. तो समोरच्या दवाखान्यात कामाला होता आणि रोज चहाच्या निमित्ताने दुकानात डोकावायचा. माणूस आत्याला आवडत होता. खटकली ती त्याची घाई.

"पुढच्या रविवारीच उरकून टाकू," तो म्हणाला.

"अहो, अपिलाची मुदत संपायची आहे. तोवर लग्न करता येत नाही."

"कोण बघतंय? हार घालू, फोटो काढू."

आत्याच्या मनात पाल चुकचुकली. ती तडक वकीलबाईंकडे गेली. बाईंनी स्पष्टच सांगितलं, "आत्ता केलंत तर लग्नच वादात सापडेल. उद्या त्याने हात झटकले, तर तुम्ही कोणाच्या दारात उभ्या राहणार?"

मग आत्याला त्याची प्रत्येक गोष्ट संशयास्पद वाटू लागली. फोटोचाच एवढा आग्रह का? फोन आला की हा बाहेर का जातो? शेवटी तिने दवाखान्यातल्या ओळखीच्या परिचारिकेला गाठलं.

"तुला माहीत नाही?" ती म्हणाली. "या महिनाअखेरीस नवी क्वार्टर्स वाटणार आहेत. फक्त लग्न झालेल्यांना."

संध्याकाळी तो आला तेव्हा आत्याने हातातली फ्रेम खाली ठेवली. "तुम्हाला बायको हवी आहे की खोली?"

तो ओशाळला. "दोन्ही. आठ जण एका खोलीत झोपतो आम्ही. सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"नाहीच म्हणाले असते. आताही नाहीच म्हणतेय."

क्वार्टर दुसऱ्याला गेलं. आता हा फिरकायचा नाही, असं आत्याने धरूनच ठेवलं होतं. पण तो येत राहिला. मुदत उलटली, अपील झालं नाही. त्याने पुन्हा विचारलं. ती मात्र लगेच हुरळली नाही. दुसरी कोणी मिळाली नाही म्हणून येतोय का, हा किडा डोक्यात वळवळत होताच. तिने त्याला आणखी सहा महिने ताटकळत ठेवलं, त्याच्या थोरल्या बहिणीला भेटली, शेजाऱ्यांकडे चौकशी केली, आणि मगच रजिस्टर लग्न केलं.

संसार बरा चालला आहे. पण काका कधी अवेळी फुलं घेऊन आले, की आत्या ती हातात घ्यायच्या आधी विचारते, "काय काम काढलंत?"