चोवीस गाद्या

काकूंनी शिवलेली गादी उसवायची वेळ आजवर कुणावर आली नव्हती, आणि हे धक्क्यावरच्या प्रत्येकाला त्यांनी निदान दोनदा तरी ऐकवलं होतं. बोटींच्या सीटवरच्या गाद्या शिवायच्या, धुवायच्या, फाटल्या तर सांधायच्या, हा त्यांचा धंदा. धक्क्याला लागून लांबोळकी खोली, तिच्यात जाड कापडाचं मशीन, भिंतीला टेकवलेली रेक्झिनची भेंडोळी आणि खिडकीशी खुर्चीत मास्तर, म्हणजे काकूंचे यजमान. धंदा मूळचा त्यांचा. नजर अधू झाली तेव्हा त्यांनी मशीन बायकोच्या हवाली केलं, सल्ले मात्र स्वतःकडे ठेवले.

गुरुवारी सकाळी मोठ्या लाँचचा मालक काखेत गादी मारून आला आणि त्याने ती टेबलावर आदळली.

"घ्या वास."

काकूंनी घेतला आणि नाक मुरडलं. आठवडाभर बादलीत विसरलेल्या पोछ्याचा वास.

"लोक उभ्याने प्रवास करतायत, काकू. लाँच आजपासून रंगाला काढलीये, प्लॅस्टिकचे बाक मागवलेत, सोमवारी तेच बसवून टाकतो. डोक्याला ताप नको."

"तुमची माणसं खारं पाणी तसंच वाळू देतात. गोड्या पाण्याने पुसा म्हणून घसा कोरडा केला मी!"

"रोज पुसतो. बघा ना."

रेक्झिन खरंच लखलखीत होतं. काकूंनी गादी उलटीपालटी करून पाहिली.

तो गेल्यावर त्यांनी शिवण उसवली. आतला फोम काळा पडला होता आणि दाबला की पाणी सुटत होतं. पाणी गेलं होतं सुईच्या भोकांतून, थेंब थेंब करत. बाहेर पडायला मात्र वाट नव्हती, कारण खालच्या बाजूलाही रेक्झिनच होतं. मास्तर पूर्वी खाली जाळीचं कापड लावत. दोन वर्षांपूर्वी काकूंनी ते बंद केलं. "आत गेलेलं पाणी निघेल कुठून?" असं मास्तरांनी विचारलं होतं. "जाईलच कशाला? शिवण माझी आहे," असं काकूंनी ठणकावलं होतं. लाँचच्या चोवीस आणि आणखी पाच होड्यांच्या गाद्या त्यांनी तशाच शिवल्या.

"बोला एकदाचं," काकू म्हणाल्या.

"काय?"

"मी म्हटलं होतं, असं."

"वास इथवर येतोय. मी वेगळं काय बोलू?"

काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी चपला अडकवल्या आणि तरातरा लाँचवर गेल्या.

"चूक माझी आहे. सोमवारपर्यंत सगळ्या गाद्या माझ्या ताब्यात द्या."

"आणि परत वास आला तर?"

"तर बाक बसवा. स्क्रू मी धरते."

पुढचे चार दिवस खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मास्तर बोटांनी चाचपडत शिवण उसवायचे आणि एकदाही रेक्झिनला पातं लागू द्यायचे नाहीत. काळा पडलेला फोम काकूंनी फेकून दिला, बाकीचा धुऊन सावलीत, वाऱ्याला, उभा करून वाळवला. उन्हात टाकला असता तर त्याचा भुगा झाला असता. खाली जाळी, चेन मागच्या अंगाला, जाड नायलॉनचा दोरा. कंबर मोडून आली तरी बाई मशीनवरून उठल्या नाहीत.

सोमवारी त्यांनी मालकासमोर एका गादीची चेन उघडली आणि बादलीभर पाणी सरळ आत ओतलं.

"अहो, काय करताय!"

खालच्या जाळीतून पाणी भळाभळा वाहून गेलं. काकूंनी गादी कडेवर उभी केली आणि त्याला संध्याकाळी यायला सांगितलं. संध्याकाळी त्याने कोपरापर्यंत हात आत घातला, मग नाक घातलं.

"जरा दमट आहे. वास नाही." त्याने हात पँटला पुसला. "बाक परत पाठवतो."

मास्तरांनी हुश्श केलं. काकूंनी मात्र उसवायचं पातं उचललं आणि धक्क्यावरून सरळ त्या पाचांपैकी पहिल्या होडीकडे चालू लागल्या. होडीची मालकीण, शाळेतल्या निवृत्त मोठ्या बाई, गादीवर ऐसपैस बसून पेपर वाचत होत्या.

"माझ्या गाद्यांना काहीही झालेलं नाही हं, काकू. अगदी उत्तम आहेत."

"मीच शिवल्यात," काकू म्हणाल्या. "उठा."