प्रोटॉनवाले गुरुजी, फोटॉनवाले बापू

मी सोलापुरात रेडिओथेरपी टेक्निशियन आहे. आमच्याकडं किस्से फार साठतात. पेशंटला टेबलावर झोपवायचं, जाड दार लावायचं आणि बाहेर बसून स्क्रीनवर त्या एकट्या माणसाकडं बघत राहायचं. घरी गेल्यावर हे सांगायला मला कुणी नाही. म्हणून तुम्हाला सांगते!

* * *

सांगोल्याचे बापू, डाळिंबवाले. मेंदूत गाठ. पहिल्या दिवशी चेहऱ्यावर जाळीचा मास्क बसवून तो टेबलाला पक्का केला. मी बाहेर आले, माइकवर म्हणाले, "बापू, अजिबात हलू नका हं!"

आतून आवाज आला, "हलून जाऊ कुटं? डोकं तुमी बांधून ठेवलंय की!"

* * *

जेऊरचे गुरुजी रिटायर्ड. बायको वारलेली, मुलगी परदेशात. त्यांनाही तोच आजार, पण त्यांनी मुंबईत खोली घेऊन प्रोटॉन थेरपी घेतली होती. तपासणीला मात्र आमच्याकडं यायचे. तिथंच बाकावर बापूंशी ओळख झाली.

डॉक्टर बापूंना समजावत होते, "तुमचे फोटॉन किरण गाठीतून पार पलीकडं जातात. गुरुजींचे प्रोटॉन गाठीपाशी थांबतात. पुढच्या चांगल्या भागाला कमी धक्का लागतो."

बापू म्हणाले, "म्हंजी त्यांची एष्टी ष्टॉपवर थांबती, आमची थेट फुडच्या गावाला!"

डॉक्टर पुण्याचे. तरी म्हणाले, "व्हय की!"

* * *

एकदा दोघांनी टोप्या काढून टकलं दाखवली. गुरुजींचेही केस एका बाजूनं गेलेले.

"मुंबईला जाऊन बी?" बापू चाट!

"प्रोटॉनही आत जाताना कातडीतूनच जातात ना," गुरुजी म्हणाले.

* * *

मग त्रासाची तुलना निघाली. बापूंना उलट्या झाल्या, तर त्यांच्या मालकीणबाई पाठ चोळायच्या. गुरुजींना उलट्या नाहीत, थकवा मात्र फार. डॉक्टरांनी साइड इफेक्टचा फॉर्म भरताना विचारलं, "गुरुजी, सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला?"

"मुंबईच्या खोलीवर सहा आठवडे कुणी नावानं हाक मारली नाही."

"तो साइड इफेक्ट नाही हो!"

"असं? मग कुठल्या रकान्यात लिहायचं?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

* * *

त्यानंतर गुरुजी दर रविवारी बापूंना फोन करायचे. पुढं पुढं फोन मालकीणबाईच उचलायला लागल्या.

वर्षभरानं दोघांची तपासणी एकाच दिवशी आली. बापूंचं विसरणं लई वाढलं होतं. गाठीमुळं, किरणांमुळं की दोन्हींमुळं, डॉक्टरांनाही नक्की सांगता येईना. गुरुजी हौसेनं जवळ गेले. बापूंनी परक्यासारखं बघितलं.

"तुमी कुटलं?"

गुरुजींनी माझ्याकडं पाहिलं. मी फाइलमध्ये डोकं घातलं.

"जेऊरचा."

"जेऊर?" बापू खुलले. "तितं माजा एक दोस्त हाय की! गुरुजी. प्रोटॉनवाला. लई चांगला माणूस! आज यायचाय. थांबा, वळख करून देतो!"

गुरुजी त्यांच्या शेजारी बसले.

"द्या की," म्हणाले. "मीही त्यांचीच वाट बघतोय."