गुप्ते बाईंचा मुका ‘के’

गुप्ते बाई दार कधी एकदम उघडत नसत. साखळी तशीच ठेवून आधी फट करायच्या आणि फटीतून विचारायच्या, "कोण?" आपण "मी" म्हटलं की आतून उत्तर, "मी तर मीही आहे. नाव सांग." नाव सांगितल्यावरही चष्मा नाकावर सरकवून चेहरा नावाशी जुळतो का ते बघायच्या आणि मगच साखळी काढायच्या. मी त्यांच्याकडे इंग्रजी शिकायला जात असे, तेव्हा हा सोपस्कार रोज व्हायचा. काल आलेली मुलगीच आज आली आहे, हे बाई गृहीत धरत नसत.

बडोद्याच्या दांडिया बाजारात एका किराणा दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्या एकट्याच राहत. वडील संस्थानात मोठ्या हुद्द्यावर होते. संस्थान गेलं, पुढे गुजरात वेगळं झालं, भाऊ मुंबईला निघून गेले. बाई मात्र बडोद्यातच राहिल्या आणि मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्या. भाजीला जाताना पिशवीत स्वतःचं अर्ध्या किलोचं वजन घेऊन जात. भाजीवाली मणीबेन एकदा दुखावून म्हणाली, "बेन, मारा पर विश्वास नथी?" बाई शांतपणे म्हणाल्या, "विश्वास छे. वजननी खबर नथी." आणि आपलं वजन तिच्या तागडीत ठेवलं. मणीबेनने कपाळावर हात मारला, पण भेंडी तोलून दिली.

मणीबेनला दिलेल्या या एका उत्तरात बाईंचं सगळं इंग्रजी होतं, असं म्हटलं तरी चालेल. आम्ही चार-पाच मुली सतरंजीवर बसायचो आणि बाई पाटीवर वाक्यं लिहायच्या. ‘आय थिंक दॅट’चं भाषांतर कुणी "मी विचार करते की पाऊस येईल" असं केलं, तर म्हणायच्या, "कर विचार. झाला की ये परत." थिंक म्हणजे इथे नुसतं वाटणं. बिलीव्ह म्हणजे जरा जोर लावून वाटणं. ही दोन्ही वाक्यं कुणीही बोलावीत. दॅटच्या पुढचं खोटं निघालं तरी बोलणारा खोटा ठरत नाही. पण ज्या ‘नो’च्या आधी मुका ‘के’ बसलेला असतो, म्हणजे माहीत असणं, तो शब्द त्या फार जपून ठेवत. "तो के बोलत नाही, पण पहारा करतो. दॅटच्या पुढचं खरं असेल तरच आत सोडतो."

एकदा त्यांनी लिहिलं: रामाला माहीत नाही की घर विकलं गेलं आहे. मग विचारलं, "घर विकलं की नाही?" आम्ही म्हणालो, माहीत नाही. "रामाला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "तुम्हाला तर वाक्याने सांगून टाकलं. ‘नाही’ लागलं ते माहितीला. घर गेलंच." मला तेव्हा त्या कल्पित रामाची फार दया आली होती. आणि बाईंचा थोडा रागही आला, कारण त्या दिवसापासून घरात कुणी काही बोललं की मीही मनात त्याच्यापुढे पाटी धरू लागले.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात असताना पुण्याचं एक स्थळ आलं. मुलगा इंजिनिअर. आई-मुलगा नदीपलीकडे अकोट्याला त्यांच्या नातेवाइकांकडे उतरले होते. बघण्याचा कार्यक्रम झाला, पसंती आली, बाबा पेढे आणायलाही निघाले होते. आणि दोन दिवसांत निरोप आला की जरा थांबू. का थांबू, ते कुणी सांगेना.

मग आमच्या घरात संशयाचा असा सुकाळ झाला की गुप्ते बाईंनीही हात टेकले असते. बाबांना वाटलं, वाडीतल्या चुलत काकांनी कान भरले. आईचा संशय सरळ बाईंवर गेला. मुलाच्या आईला आणि बाईंना कुणीतरी देवळात बोलताना पाहिलं होतं. "त्या बाईला कुणाचं चांगलं बघवत नाही," आई म्हणाली आणि माझी शिकवणी बंद केली.

तिसऱ्या दिवशी बाई स्वतः आमच्या दारात उभ्या राहिल्या. त्या कुणाकडे जात नसत, त्यामुळे आई गांगरलीच. बाईंनी पाणीसुद्धा घेतलं नाही. "मी बोलले असं तुम्हाला वाटतं. वाटू दे. मुलाच्या आईने मला फक्त तुमच्या शेजारी कोण राहतं ते विचारलं होतं. बोलवा शेजारणीला."

शेजारी राहायच्या नलूकाकू. त्यांचे आजे-पणजे संस्थानच्या फौजेत होते; चार पिढ्या बडोद्यात काढलेल्या नलूकाकूंच्या मराठीत निम्मी गुजराती असायची. जीव लावणारी बाई. त्या पदर सावरत आल्या आणि घाबरून म्हणाल्या, "मी तर सारंच, चांगलंच बोलले ने. मुलगी डाही, शहाणी, घरकामात हुशार."

"आणि त्यांनी काय विचारलं?"

"विचारलं की आधी कुठे जमून मोडलं वगैरे नाही ना. मी म्हटलं, जमून मोडलं ते मला नाही खबर."

बाई हसल्या. त्यांना हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. आमच्या बडोद्यात ‘मला नाही खबर’ म्हणजे असलं काही माझ्या ऐकिवात नाही, म्हणजे तसं काही झालेलंच नाही. पुण्याच्या कानांना मात्र ऐकू आलं की हिचं जमून मोडलं आहे, फक्त या बाईला त्याची आतली बातमी नाही. ‘नाही’ लागलं होतं ते नलूकाकूंच्या खबरेला. माझं मोडलेलं लग्न मात्र होतं तिथेच राहिलं.

"चला अकोट्याला," बाई बाबांना म्हणाल्या. "हिलाही घ्या." नलूकाकूंनी हात जोडले. "मला नका नेऊ बा, माझ्या जिभेने अजून काही घोळ व्हायचा."

मुलाच्या आईने आमचं नीट स्वागत केलं. मुलगा बाहेर गेला होता. बाईंनी तो सगळा घोळ इतका छान उलगडून सांगितला की बाबांचा चेहरा खुलला. त्या माऊलीही हसल्या. मग पुढे वाकून म्हणाल्या, "म्हणजे आधी काही नव्हतं. तुम्हाला माहीत आहे ना तसं? तुम्ही सांगा, मी लगेच हो म्हणते."

बाबा बाईंकडे बघत होते. मीही. एकच शब्द हवा होता.

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "मी त्यांच्या घरात राहत नाही. काही नव्हतं असं मला वाटतं, आणि अगदी ठामपणे वाटतं. पण माहीत आहे ते हिला. ही समोर बसली आहे. हिला विचारा."

"मुलीला काय विचारायचं?" त्या म्हणाल्या. त्यात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. खुर्चीला काय विचारायचं, असं म्हणावं तसं.

बाई म्हणाल्या, "मग तुम्हाला माहिती नकोच आहे. तुम्हाला जामीन हवा आहे."

त्यानंतर चहा आला, पण तो कुणी धड प्यायलं नाही. ज्या शिक्षिकेला खात्री देता येत नाही तिला बरोबर आणलंतच कशाला, असं त्या बाबांना दारात हळूच म्हणाल्या. लग्न मोडलं. नलूकाकूंचं वाक्य त्या दिवसापासून खरं झालं. आता जमून मोडलं होतं आणि सगळ्या बडोद्याला खबर होती.

परतीच्या रिक्षेत मी मधे बसले होते. विश्वामित्रीच्या पुलावर बाबा एकदम म्हणाले, "बाई, एक शब्द बोलला असता तर काय बिघडलं असतं?"

"उद्या दुसरं कुणी दुसरा शब्द बोललं असतं," बाई म्हणाल्या. "मग हिला त्या घरात रोज कुणाकुणाची साक्ष काढावी लागली असती. सुटली म्हणा. त्या घरात हिला कुणी काही विचारणारच नव्हतं."

बाबांनी मला विचारलं, तेही समोर रस्त्याकडे बघत, "तुला आवडला होता का गं तो?"

मी म्हटलं, "हो."

बाईंनी चष्मा काढला. त्यांचा हात माझ्या हातावर आला; कुणाला हात लावायचा त्यांचा स्वभाव नव्हता. "हे मला माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. मग, माझ्याकडे न बघता, "मीही विचारलं नाही."