धोक्याची सूचना आधी राहणाऱ्यांना

लालबाग-परळच्या चाळकऱ्यांनो, शेजारी टॉवरसाठी खड्डा खणायला घेतला की आपल्या भिंतींना तडे जातात. ते तडे सर्वांत आधी आपल्याला दिसतात आणि त्यांचा अर्थ सर्वांत शेवटी आपल्याला कळतो. या तक्रारीवर आजवर भाषणं पुष्कळ झाली, माझीही झाली. तिच्यावर उपाय काढला तो शैलजाताई जाधव यांनी. त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मला त्याच उपायाबद्दल लिहायचं आहे.

ताई स्ट्रक्चरल इंजिनियर. आमच्या चाळीलगत टॉवरचं काम निघालं तेव्हा बिल्डरने त्यांना नेमलं होतं. चाळीच्या अंगणात त्यांनी मुठीएवढी एक परदेशी डबी दाखवली. "अशा डब्या तुमच्या भिंतींवर आणि खांबांवर बसतील. भिंत किंवा खांब ठरल्यापेक्षा जास्त कलला की मोबाइल वाजेल."

"कोणाचा?" मी विचारलं.

"साइट ऑफिसचा आणि तुम्हा सगळ्यांचा. एकाच वेळी."

बिल्डरचा माणूस चुळबुळला. "मॅडम, पब्लिक घाबरेल ना."

"घाबरू दे. घर त्यांचं आहे."

माझी त्यांची ओळख झाली ती या वाक्याने.

मग मोबाइलवर आवाज कोणता ठेवायचा, यावर वाद झाला. कोणी म्हणालं, गिरणीचा भोंगा ठेवा. एका निवृत्त कामगाराने ते तिथेच मोडून काढलं, "भोंगा वाजला की आम्ही आत धावायचो, बाहेर नाही!" सगळे हसले, पण ताईंनी ते गांभीर्याने घेतलं. ज्या हाकेला चाळ खरोखर खाली उतरते ती हाक कोणाची, हे त्यांनी विचारून घेतलं. उत्तर एकच आलं, तळमजल्यावरच्या सावंतकाकूंची. त्यांच्याच आवाजात हाक भरली गेली, "सगळे खाली येवा!" परदेशी यंत्र मालवणी बोलू लागलं.

गणपतीच्या तोंडावर ती हाक आली. चाळ खाली उतरली, आणि कळलं की मंडळाच्या पोरांनी रोषणाईच्या कमानीचा दोर गॅलरीच्या खांबाला बांधल्यामुळे खांब ओढला गेला होता.

"काकू, उगाच काय बोंबलतेस गं?" दुसऱ्या मजल्यावरचा दिलीप ओरडला.

"मी खंय बोंबललंय? माझो आवाज बोंबललो!"

ताई तासाभरात आल्या, दोर सोडवला आणि खोलीखोलीत जाऊन सांगितलं, "यंत्र खोटं बोललं नाही. खांब हलला होता. खड्ड्यामुळे नाही, तुमच्या कमानीमुळे."

बिल्डरला मात्र निमित्त मिळालं. सूचना यापुढे फक्त साइट ऑफिसात येईल, असं त्याने फर्मावलं. खणकाम चालू ठेवायला ताईंची सही लागत असे. त्या म्हणाल्या, "रहिवाशांचे फोन बंद, तर माझी सहीही बंद." दुसऱ्या दिवशी त्यांच्या जागी दुसरा इंजिनियर आला. चाळीने त्याला जिना चढू दिला नाही. डब्या आमच्या भिंतींवर होत्या, त्या तपासल्याशिवाय त्याला सही करता येईना. काम ठप्प झालं, आणि बिल्डरला ताईंना त्यांच्याच अटीवर परत बोलवावं लागलं.

त्यानंतर काही आठवड्यांनी, भर दुपारी, काकूंचा आवाज पुन्हा घुमला. या वेळी कोणी टोमणा मारला नाही. दिलीप जेवणाचं ताट हातात घेऊनच खाली आला. खड्ड्याकडची भिंत खरोखरच कलली होती. ताईंनी खणकाम थांबवलं, लोखंडी टेकू लावून घेतले, आणि भिंत पक्की झाल्यावरच लोकांना घरात जाऊ दिलं. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. वर्तमानपत्रात एक ओळ आली नाही. ताईंच्या कामाचं यश हे असं असतं, त्याचा फोटो निघत नाही.

यंत्रं अनेकांकडे आहेत. ती कोणाच्या बाजूने बोलतील हे माणूस ठरवतो, आणि आपल्या देशात ते बहुधा पैसे देणारा ठरवतो. ताईंनी नेमणूक पणाला लावून ते राहणाऱ्यांच्या बाजूने ठरवलं. त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. अजून कित्येक चाळींचे जिने त्यांना चढायचे आहेत, गुडघे साथ देवोत.

आणि चाळकऱ्यांनो, या ग्रंथाच्या प्रकाशनाचे हारतुरे झाले की घरी जाऊन एक काम करा. आपापल्या चाळ कमिटीच्या येत्या सभेत ठराव करा: सूचना साइट ऑफिसात जाईल त्याच क्षणी प्रत्येक खोलीतही आली पाहिजे, आणि हे लेखी मिळेपर्यंत शेजारी एक कुदळ पडता कामा नये.