पलीकडच्या रेतीवरची कासवं

शरदिनीकाकू पायगुंडे रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त झाल्या तेव्हा गंगेकाठच्या, मंगला गौरीच्या देवळाजवळच्या आमच्या गल्लीला वाटलं, आता त्या देवदर्शनात आणि नातवंडांत रमतील. त्या रमल्या गंगेपलीकडच्या रेतीत.

थंडीत पाणी उतरलं की तिकडे मल्लाहांच्या, म्हणजे नावाड्यांच्या, बायका वाळूत काकडी-खरबुजाचे वेल लावतात. काकू नावेनं ताज्या काकड्या आणायला जात. एका चैत्रात फुलमती निषादच्या वेलांमध्ये कुत्र्यांनी वाळू उकरलेली त्यांना दिसली. कासवाची पांढरी अंडी फुटून पडली होती. फुलमतीला त्याचं नवल नव्हतं. कुत्र्यांकडून उरतात ती माणसं उचलून नेतात, असं ती सहज बोलून गेली.

 लहानपणी राजा घाटावर पोहायला शिकताना काकूंनी ऊन खात पडलेली कासवं पाहिली होती. आता कित्येक वर्षांत एकही दिसलं नव्हतं.

त्यांनी वनखात्याची कचेरी गाठली. वैदेही मिश्रा नावाच्या तरुण अधिकारी बाईंनी घरट्याला बांबूचं कुंपण कसं घालायचं ते शिकवलं. फुलमती मात्र ऐकेना. पावसाळ्यापर्यंतच हाती असलेली वाळू, तीही कासवांना दिली तर पोरांना काय घालू, असं तिनं विचारलं. काकूंनी वाद घातला नाही. रोज सकाळी जाऊन तिच्याबरोबर काकड्या तोडू लागल्या आणि फक्त एक कोपरा मागितला. शेवटी तिनं तो सोडला.

ज्येष्ठात त्या कोपऱ्यातून नाण्याएवढी पिल्लं वर आली. फुलमती काठी घेऊन कावळे हाकलत बसली, शेवटचं पिल्लू पाण्यात शिरेपर्यंत. पुढच्या वर्षी इतर बायकांनीही कुंपणं घातली.

त्यानंतरच्या वैशाखात वरच्या अंगाला अवकाळी पाऊस झाला आणि नदी वेलांपर्यंत चढली. वैदेहीबाई बाहेरगावी होत्या. फोनवर त्यांनी बजावलं की अंडी उंचावर न्या, पण उलटू देऊ नका. वरची बाजू खाली गेली तर आतला जीव मरतो. काकू वाळूत गुडघे टेकून प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीनं खूण करत होत्या आणि बायका ती वाळूच्या टोपल्यांतून वर नेत होत्या. तेवढ्यात फुलमतीच्या खरबुजांत पाणी शिरलं.

"फुलमती, तू आधी तुझा माल काढ," काकू म्हणाल्या.

"खरबूज त फेर लाग जाई, दीदी. ई त गंगा माई के लइका हउवन," ती म्हणाली आणि पुढची टोपली उचलली. गंगामाईच्या लेकरांपुढे खरबुजांचं काय, ती पुन्हा लावता येतील.

सगळी अंडी काही उबली नाहीत, पण बरीच उबली. पिल्लं सोडायच्या दिवशी संकठा घाटावरून नावा भरभरून माणसं आली. वैदेहीबाईंनी काकूंना चार शब्द बोलायला सांगितलं. काकूंनी फुलमतीला पुढे केलं. ती आधी पदर सावरत थांबली, मग असं काही बोलली की घाटावरची पंडित मंडळीही ऐकत राहिली. काकूंच्या पायांबरोबर घरात येणाऱ्या वाळूबद्दल वर्षभर कुरकुरणारे त्यांचे यजमान विश्वेश्वरकाका नावेत उठून उभे राहिले. "ती मधली, खोचलेल्या लुगड्याची, ती आमची ही," ते शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होते.

आता रामनगरकडच्या बायका फुलमतीला घरटी कशी राखायची ते शिकवायला बोलावतात. काकू सोबत जातात. बोलते फुलमती, काकू वाळूत बसून ऐकतात, आणि त्यांचा चेहरा तेव्हा बघावा.