आत्या ऐकत होती, मी वाचत नव्हते

अंगात येणं, भानामती, मूठ मारणं - या सगळ्यांविरुद्ध मी पत्रकं लिहिली आहेत. अकोल्याच्या भर बाजारात उभं राहून वाटली आहेत, आणि त्यापायी शेलक्या शिव्याही ऐकल्या आहेत. तेव्हा गूढ अनुभवांच्या या सदरात माझा मजकूर पाहून आमच्या मंडळातले कार्यकर्ते कपाळाला हात लावतील. लावू द्या. मी आजही यातलं काही मानत नाही. पण माझ्या आत्याच्या बाबतीत जे घडलं ते आता पार बडनेऱ्यापर्यंत मीठमसाला लावून सांगितलं जातं, आणि त्यातलं निम्मं खोटं आहे. मी तिथे होते. मीच वाचत होते... म्हणजे, वाचत नव्हते. तोच तर मुद्दा आहे.

आमची वस्ती अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या काठाला. छप्पन साली आमच्या घरांनी धम्म स्वीकारला. घरातले देव गेले, पोथ्या गेल्या, पण बसून ऐकायची सवय गेली नाही - आणि का जावी? वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, आमच्या टिनाच्या विहारात ग्रंथवाचन चालतं. पद्धत जुनीच. एकाने एक वाक्य वाचायचं आणि थांबायचं. दुसऱ्याने त्याचा अर्थ आपल्या बोलीत सांगायचा. मग पुढचं वाक्य. अर्थ सांगणाऱ्याला वाचता आलंच पाहिजे असं नाही. त्याचे कान पक्के लागतात.

आमच्याकडे अर्थ सांगायची माझी आत्या, भागीरथाबाई. तिला अक्षर येत नाही. पण छापील मराठी तिच्या तोंडून अशी उतरायची की पेंगणाऱ्या बायाही सावरून बसायच्या.

आत्याचा एकुलता मुलगा, माझा वामनदादा, मुंबईला गोदीत कामाला गेला आणि तिथून परदेशी जाणाऱ्या एका बोटीवर लागला. सुरुवातीला पत्रं आली. मग थांबली. दोन वर्षं काही नाही. घरात त्याची बायको, सुमित्रावहिनी - माझ्याच वयाची. तिचा भाऊ तिवश्याहून येऊन आत्याच्या हातापाया पडायचा, "बाई, पोरीले मोकळी करा. तिचं दुसरं लग्न करून देतो." आत्या एकच म्हणायची, "माहा वामन येनार हाय." आणि वहिनी खाली मान घालून भाकरी थापायची.

मला संताप यायचा. मी तोंडावर बोलायची, "आत्या, एका माणसाची वाट पाहायला दुसऱ्या माणसाला खुंटीला टांगून ठेवलं तुम्ही."

"तू कॉलेजात जातं, शांते," आत्या म्हणायची, "तुले समदं समजते. मले फक्त वामन समजते."

मी तेव्हा अमरावतीला शिकत होते. शनिवारी बडनेऱ्याहून गाडी धरून घरी यायची. रविवारी दुपारी शेतात निंदायला जाणाऱ्या बाया आत्याच्या ओसरीवर जमायच्या, आणि मी त्यांना काहीतरी वाचून दाखवायची. माझ्या डोक्यात पत्रकं होती - मजुरी, शाळा, बुवाबाजी. त्यांच्या डोक्यात गोष्ट होती. शेवटी तह झाला. आधी पत्रक, मग गोष्ट.

गोष्ट कोणती, ते आत्याने ठरवलं. "बोटीची वाच. वामन बोटीवर हाय."

अमरावतीच्या रद्दीवाल्याकडे बोटीचं म्हणून जे मिळालं ते सगळं चाच्यांचं निघालं. जुन्या मासिकांचे सुटे अंक. त्यांत लहान लहान अद्भुत कथा - समुद्रातले चाचे, मेलेल्या कप्तानाचं जहाज आणि वर आकाशातलेही चाचे, जे ताऱ्यांमधून उडत्या बोटी हाकतात आणि दुसऱ्यांच्या बोटीतली हवा लुटतात. हवा! इथे हक्काचं पाणी भरायला आमच्या लोकांना भांडावं लागत होतं आणि कोणी लेखक घरी बसून आकाशातले दरोडे लिहीत होता. मी नाक मुरडत वाचायची.

आत्या मात्र जीव लावून अर्थ सांगायची. तिने समुद्र पाहिला नव्हता. पूर आलेली मोर्णा पाहिली होती. त्यावरून ती समुद्र करायची.

"चाचा म्हंजे दर्यातला दरोडेखोर."

"म्हंजे आपला मुकादम," त्या बायांतली अंजनाबाई म्हणायची. "फक्त त्याले बोट नाई."

"त्याले बोट भेटली तं आपल्यालेच वल्हवा लागन," कोणीतरी मागून बोलायचं, आणि ओसरी हसायची. वहिनीसुद्धा.

तो रविवारही असाच होता. पावसाची झड लागलेली, पण दुपार उजेडाची. मी हवा लुटणाऱ्या चाच्यांची गोष्ट घेतली होती. चाच्यांनी एक बोट घेरली, आतल्या माणसांचा श्वास जड व्हायला लागला - आणि पान संपलं. उलटून पाहिलं तर पुढची पानंच नव्हती. रद्दीच्या अंकात हे नेहमीचं. मी अंक मांडीवर पालथा ठेवला आणि "पुढची पानं नाहीत" असं म्हणायला तोंड उघडलं.

तेवढ्यात आत्याने अर्थ सांगितला.

"खाली, बोटीच्या पोटात धूर झाला, म्हनते."

मला वाटलं, मागच्याच वाक्याचं काही राहिलं असेल. पण धूर कुठेच आला नव्हता. मी तिच्याकडे पाहिलं. ती नेहमीसारखीच बसली होती - गुडघा उभा, मान किंचित माझ्याकडे कललेली, नजर जमिनीवर. ऐकताना ती अशीच बसते. ती थांबली. जेवढा वेळ मला एक वाक्य वाचायला लागतो तेवढा वेळ थांबली. पत्र्यावर पाऊस वाजत होता. मग म्हणाली,

"दार लोखंडी हाय. आपोआप लागते. कोनीतरी धरून ठेवा लागते."

पुन्हा थांबली. ऐकलं.

"एकानं धरलं. बाकीच्याइले म्हने, तुमी वर जा. मी येतो मांगून."

आतापर्यंत बायांच्या लक्षात आलं होतं. अंजनाबाई माझ्या मांडीवरच्या पालथ्या अंकाकडे पाहत होती. मी आत्याला हलवणार होते, पण सुमित्रावहिनीने माझा हात धरला. आत्या आणखी एकदा थांबली. या वेळी जरा जास्त. जणू वाक्य लांब होतं.

"त्याचे पाय भाजून राह्यले, पन तो दार सोडत नाई. समदे वर गेले." मग हळूच, "झालं. सरली गोष्ट."

ती उठली, आत जाऊन पाणी प्यायली, बाहेर आली आणि आमचे चेहरे पाहून म्हणाली, "काय झालं व? चांगली होती गोष्ट. कठीन होती, पन चांगली होती."

"आत्या," मी म्हणाले, "मी वाचत नव्हते."

"काहून?"

"पानंच नाहीत." मी अंक दाखवला. तिला अक्षर येत नाही, पण फाटलेला अंक दिसतो.

तिने फाटक्या कडेवरून बोट फिरवलं. "आवाज मर्दाचा होता खरा," ती म्हणाली. "मले वाटलं, पावसानं तुहा घसा बसला."

त्यानंतर तिने वहिनीला जवळ बसवलं, डोक्यावरून हात फिरवला आणि बाजारात भाजी आणायला सांगावं तसं सांगितलं, "सुमित्रा, तुह्या भावाले निरोप धाड. आता कोनी येत नाई. तू थांबू नको."

आणि इथे मी भांडले. हो, मीच. दोन वर्षं मी जे मागत होते ते ती देत होती, आणि मी तिच्यावर तुटून पडले. बाईला मोकळं करायचं तर तिचा हक्क म्हणून करा! चाच्याच्या फाटक्या गोष्टीवरून कसलं मोकळं करता? उद्या दादा दारात उभा राहिला तर? ही भ्रमाची गोष्ट आहे, दोन वर्षांच्या काळजीने मन असं करतं - मी सगळं बोलले. पत्रकात लिहिते तसं, मुद्देसूद.

आत्याने ऐकून घेतलं. "तुहं बरोबर असन," ती म्हणाली. "पन मी आपल्या मनचं काई सांगतलं नाई. जेवढं वाचलं तेवढ्याचाच अर्थ सांगतला."

वहिनी तिवश्याला गेली. हिवाळ्यात मोझरीकडे तिचं लग्न झालं. वस्तीत लोक आत्याशी बोलेनात. जिवंत पोराचं घर आईनेच मोडलं, म्हणाले. विहारात अर्थ सांगायला दुसरी बाई बसवली. आत्या मागे भिंतीला टेकून ऐकायची. तिच्या बाजूने मी बोलावं तर काय बोलावं? मलाच ते पटलेलं नव्हतं. प्रत्येक शनिवारी अकोल्याला उतरताना मला भीती वाटायची, की दादा आलेला असेल.

उन्हाळ्याच्या तोंडी एक माणूस आला, रत्नागिरीकडचा, दादाच्या बोटीवरचा खलाशी. दादाची पत्र्याची पेटी घेऊन. कंपनीचं पत्र कुठे अडकलं होतं कोण जाणे, दादाची पत्रंही तशीच. बोट किनाऱ्याला लागल्यावर तो स्वतः पत्ता विचारत आला होता. इंजिनखोलीत आग लागली, धूर कोंडला. आपोआप बंद होणारं लोखंडी दार दादाने खांद्याने अडवून धरलं. हा त्या दारातून वर आलेल्यांतला शेवटचा.

"त्याने आम्हाला सांगितलं, पुढे व्हा, मी येतो मागून," तो म्हणाला आणि रडला. आत्या रडली नाही. तिने त्याला जेवायला वाढलं.

मी मात्र त्याला उलटसुलट विचारलं. तारीख त्याला नीट सांगता येईना. मागचा पावसाळा होता, दुपार होती. वार त्याला आठवत नव्हता. तेव्हा 'त्याच दिवशी, त्याच घटकेला' असं जे सांगितलं जातं ते कुणालाच माहीत नाही, आणि मी ते लिहिणार नाही. मग त्याने सहज सांगितलं, की वामन रिकाम्या वेळात आम्हाला गोष्टी वाचून दाखवायचा. त्याच्याकडे मराठी मासिकं असायची. "एक वाक्य वाचून थांबायचा. आम्ही विचारायचो, का रे थांबतोस? तर म्हणायचा, आमच्याकडे असंच वाचतात. मधल्या वेळात आई अर्थ सांगते."

मी पेटी उपसली. दोन सदरे, वस्तरा, आरसा, आत्याने दिलेली गोधडी. मासिक एकही नव्हतं. पुढे अमरावतीच्या एका वाचनालयात मी त्या फाटक्या अंकाची पूर्ण प्रत शोधून काढली. मूळ गोष्टीत चाच्यांचा पराभव होतो आणि नायकाला बक्षीस मिळतं. धूर नाही, दार नाही, कोणी मागे राहत नाही.

एवढंच मला माहीत आहे. याच्या पुढचं जो कोणी सांगतो तो खोटं सांगतो. कारण खलाशी गेल्यावर तीच वस्ती, जिने आत्याला वाळीत टाकल्यासारखं केलं होतं, नारळ घेऊन तिच्या दारात आली. आमचा हरवलेला भाऊ कुठे आहे, सांगा. आमची पळालेली पोर सांगा. धम्म स्वीकारलेली माणसं! मी दारात आडवी उभी राहिले. पण माझी गरज पडली नाही.

"मी अर्थ सांगतो, बाप्पा," आत्या आतूनच म्हणाली. "वाचनारा दुसरा असते. तो रोज येत नाई."

सुमित्रावहिनी दर वर्षी मोझरीच्या बाजूने येणाऱ्या एसटीने मुलाला घेऊन येते आणि आत्याकडे दोन दिवस राहते. वर्षावासात आत्या पुन्हा अर्थ सांगायला बसते. रविवारी ओसरीवर चाच्यांच्या गोष्टीही चालतात. मी आता नाक मुरडत नाही. पद्धत तीच आहे. फक्त मी एक वाक्य वाचून थांबले, की आत्या आधी विचारते,

"तूच वाचून राह्यली ना?"

"मीच, आत्या."

मग ती अर्थ सांगते. पण "मीच" म्हणताना दर वेळी मला वाटतं, की तिला दुसरं उत्तर हवं होतं.